नागोरचा मनोरा आणि दुआची मीमांसा

तंजावरहून कावेरीच्या फाट्यांच्या काठाकाठाने पूर्वेकडे निघाले म्हणजे नागपट्टणच्या किंचित उत्तरेस, समुद्राच्या अगदी कडेला, नागोर नावाचा कसबा लागतो. तेथील दर्ग्याचे पाच मनोरे गावाच्या कितीतरी आधी दृष्टीस पडतात. त्यांतला सर्वांत उंच, सुमारे 131 फुटांचा, तंजावरचे मराठे राजे प्रतापसिंह भोसले (राज्यकाल 1739 ते 1763) यांनी बांधविला, ही गोष्ट महाराष्ट्रातील वाचकास सहसा ठाऊक नसते. तंजावरच्या मराठ्यांचा समुद्रकाठचा मनोरा म्हटला की जाणत्यांना सरफोजी राजांनी नेपोलियनच्या पराभवाच्या स्मरणार्थ उभारलेली इमारत आठवते; पण ती वास्तू इंग्रज स्नेह्यांच्या विजयाची, आणि नागोरची वास्तू नवसफेडीची. प्रतापसिंहांनी पुत्रासाठी नागोरच्या अवलियाला, म्हणजे तेथे चिरविश्रांती घेणाऱ्या शाहुल हमीदांना, साकडे घातले, ते फळास आले, आणि राजांनी मनोरा उभा केला, असे परंपरा सांगते. पुढे तुळजा राजांनीही दर्ग्याला जमिनी इनाम देऊन पित्याचा शिरस्ता चालविला.

पुत्रप्राप्तीसाठी पिराच्या दारी जाणे हा भोसल्यांच्या घराण्यात नवा प्रघात नव्हता. मालोजी राजांनी अहमदनगरच्या शाह शरीफ यांच्या दर्ग्यास नवस केला आणि त्या कृपेची खूण म्हणून दोघा मुलांची नावे शहाजी व शरीफजी अशी ठेविली, ही कथा आपल्याकडे मुलांनाही माहीत असते. तंजावरची गादी स्थापन करणारे एकोजी राजे याच शहाजींचे पुत्र. म्हणजे ज्या घराण्याने आपला वंशवृत्तान्त 1803 मध्ये बृहदीश्वराच्या भिंतीवर मराठीत कोरवून ठेविला, त्या घराण्याच्या स्वतःच्या समजुतीप्रमाणे त्याचा विस्तारच एका मुसलमान साधूच्या दुआतून झालेला होता.

या कथांकडे पाहण्याची आपली रीत ठरलेली आहे. कोणी त्यांत धार्मिक सलोख्याचा दाखला पाहतो, कोणी भाबडेपणा पाहतो, आणि दोघेही पुढे निघून जातात. मला मात्र निराळाच प्रश्न पडतो. ज्या धर्माच्या अवलियापुढे राजाने पदर पसरला, त्या धर्मातील धर्मशास्त्रज्ञांच्या आणि तत्त्ववेत्त्यांच्या मते त्या क्षणी नेमके काय घडले? मागणे कोणापर्यंत पोहोचले, कशाच्या बळावर पोहोचले, आणि जर सर्व काही पूर्वनियोजित असेल तर त्या मागण्याने फरक तो कोणता पडला? इस्लामी विचारपरंपरेने या प्रश्नांवर जेवढे सूक्ष्म चिंतन केले आहे तेवढे क्वचितच दुसऱ्या कोणी केले असेल. पण आपल्याकडे ते नमाज आणि नवस या दोन शब्दांपलीकडे फारसे पोहोचलेले नाही.

प्रथम एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. आपण ज्याला सरसकट प्रार्थना म्हणतो त्याचे इस्लाममध्ये दोन निरनिराळे प्रकार आहेत. एक नमाज, अरबीत सलात, दुसरी दुआ. नमाज हे नित्यकर्म आहे: पहाट, दुपार, तिसरा प्रहर, सूर्यास्त आणि रात्र अशा पाच वेळांच्या फर्ज नमाजांत मिळून 17 रकाती होतात, आणि प्रत्येक रकातीत उभे राहणे, कमरेतून वाकणे, दोनदा कपाळ भूमीस टेकणे हा क्रम ठरलेला असतो. तिला वजू, म्हणजे हातपाय-तोंड धुण्याचा विधी, लागते, वेळ लागते, मक्केकडे मुख लागते, आणि शब्द अरबीच लागतात. दुआला यांतले काहीच अपरिहार्य नाही. ती कोणत्याही भाषेत, कोणत्याही वेळी, उभ्याने, बसल्याने, होडीत किंवा अंथरुणावर करता येते. तिचे जे काही नियम आहेत ते अदबीचे आहेत, कायद्याचे नाहीत. आधी ईश्वराची स्तुती करावी, पैगंबरांवर दरूद, म्हणजे आशीर्वचन, म्हणावा, मग हात पसरून मागावे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे उतावीळ होऊ नये. मी मागितले पण मिळाले नाही, असे म्हणणे हेच दुआच्या आड येते असा पैगंबरांच्या एका वचनाचा आशय आहे.

हा भेद शास्त्रात जितका स्वच्छ दिसतो तितका आचारात राहत नाही. नमाजेच्या प्रत्येक रकातीत जी सात आयतींची फातिहा म्हणावी लागते तिचा पूर्वार्ध स्तुतीचा आणि उत्तरार्ध सरळ मागण्याचा आहे. सन्मार्ग दाखीव, एवढेच ते मागणे. एका प्रसिद्ध हदीसेत, म्हणजे पैगंबरांच्या वचनात, तर ईश्वर स्वतःच सांगतो की ही नमाज मी माझ्यात आणि माझ्या दासात निम्मी-निम्मी वाटून घेतली आहे. शिवाय नागपट्टण-नागोरच्या किनाऱ्यावरील मरक्कायर मुसलमान शाफई पंथाचे. रत्नागिरी, कल्याण, महाड या आपल्या भागांतील कोकणी मुसलमानही शाफईच. या पंथात पहाटेच्या दुसऱ्या रकातीत उभ्यानेच कुनूत नावाची दुआ म्हणतात, आणि हनफी पंथाचे लोक त्या नमाजेत ती म्हणत नाहीत. दोन दूरच्या किनाऱ्यांवरचे व्यापारी आणि दर्यावर्दी लोक एकाच रीतीने नमाजेच्या पोटात दुआ घालतात, याचे कारण अरबी समुद्राच्या व्यापारमार्गांत शोधावे लागते. पण तो विषय वेगळा.

नमाजेच्या अंतरंगावर सर्वांत मार्मिक लिहिले ते अबू हामिद गझाली यांनी (मृत्यू 1111). बगदादच्या निझामिया मदरशातील सर्वोच्च अध्यापकपद सोडून फकिरी पत्करलेल्या या पंडिताने आपल्या 'इह्या उलूम अद्-दीन' या महाग्रंथात नमाजेच्या रहस्यांना एक संपूर्ण खंड दिला. त्याचा मुख्य मुद्दा हुजूर-ए-कल्ब, म्हणजे अंतःकरणाची हजेरी. देह मशिदीत आणि चित्त दुकानाच्या हिशेबात असेल तर फकीह, म्हणजे कायद्याचा जाणकार, नमाज झाली असा निर्णय देईल, कारण त्याचा अंमल बाह्य क्रियेपुरताच चालतो; पण जिच्यात संवाद घडला नाही तिला संवाद म्हणावे कसे, असा गझालींचा सवाल आहे. त्यांच्या आधी दोन पिढ्या इब्न सिना (980 ते 1037) यांनी नमाजेच्या स्वरूपावरील एका छोट्या प्रबंधात हाच भेद तत्त्वज्ञानाच्या परिभाषेत मांडला होता: देहाची नमाज ही देहाला शिस्त लावणारी, आणि विवेकी आत्म्याची नमाज म्हणजे परमतत्त्वाचे निर्मळ ज्ञान. तत्त्ववेत्त्याची ही उंची खरी. पण मला गझालींचे म्हणणे अधिक पटते, कारण इब्न सिनांच्या नमाजेत पंडिताला जागा आहे, नागोरच्या कोळ्याला नाही.

आता दुआची खरी अडचण. कुराण एकीकडे स्पष्ट आश्वासन देते की हाक मारणाऱ्याच्या हाकेला ईश्वर उत्तर देतो. दुसरीकडे जे व्हायचे ते सर्व लिहून ठेविलेले आहे अशीही शिकवण आहे. मग जे लिहिले आहे ते दुआने बदलत असेल तर ईश्वराचे ज्ञान कच्चे ठरते, आणि बदलत नसेल तर दुआ फुकट जाते. हा आक्षेप काही अलीकडच्या बुद्धिवाद्यांनी शोधून काढलेला नाही. फख्रुद्दीन राझी (मृत्यू 1210) यांनी आपल्या विशाल कुराणभाष्यात दुआ निरर्थक ठरविणाऱ्यांची सर्व प्रमाणे एकामागून एक इतक्या प्रामाणिकपणे मांडली आहेत की वाचणाऱ्याला क्षणभर वाटावे, भाष्यकार त्याच पक्षाचा वकील आहे. उत्तरे ते नंतर देतात.

गझालींचे उत्तर याहून सुटसुटीत आहे आणि ते तंजावरसारख्या भातशेतीच्या मुलुखात लगेच समजेल. संकट टळायचे असे लिहिले असेल तर ते दुआने टळायचे असेही त्याच लेखात आहे; ढालीने बाण अडतो, पाण्याने बी रुजते, तशी दुआ हेही एक कारणच. दैवावर श्रद्धा आहे म्हणून कोणी पेरणीनंतर शेताला पाणी देण्याचे थांबवीत नाही, आणि उगवायचे असेल तर उगवेलच असे म्हणत कावेरीचा कालवा बंद करून बसत नाही. येथे एक गोष्ट विसरता कामा नये. गझाली अशअरी पंथाचे, आणि या पंथाच्या मते पाण्यात रुजविण्याची अंगभूत शक्ती नाही. पाण्यानंतर अंकुर हा ईश्वराने पाळलेला केवळ प्रघात आहे. या मतामुळे दुआची बाजू उलट बळकटच होते. पाणी आणि अंकुर यांचा संबंध जितका ईश्वराच्या मर्जीचा, तितकाच मागणे आणि मिळणे यांचाही. मग एकाला नैसर्गिक आणि दुसऱ्याला चमत्कारिक म्हणण्याचे कारण उरत नाही. याच तर्काने अशअरींनी अवलियांच्या करामती शक्य मानल्या. बुद्धिवादी मुअतजिली पंथातील बहुतेकांनी मात्र त्या नाकारल्या, कारण करामत कोणालाही साधू लागली तर पैगंबराची ओळख पटविणारी खूणच नाहीशी होईल, अशी त्यांना भीती होती.

इब्न सिनांचा मार्ग आणखी निराळा. त्यांच्या दर्शनात परमतत्त्व हे खालच्या कोणत्याही गोष्टीने हालत नाही, द्रवत नाही. तेव्हा दुआ ईश्वराचे मन वळविते ही कल्पनाच त्यांना त्याज्य. ते म्हणतात त्याचा मथितार्थ असा, की मागण्याची प्रेरणा आणि मागितलेल्या वस्तूची प्राप्ती या दोन्ही एकाच कारणपरंपरेतून, एकाच उगमापासून येतात; उपासकाने हात पसरावे हेही त्याच व्यवस्थेत बसविलेले असते. म्हणजे प्रतापसिंहांना पुत्र व्हावयाचा होता म्हणून त्यांना मागण्याची बुद्धी झाली, आणि मागितले म्हणून पुत्र झाला, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी. आपल्याकडील कर्मवाद्यांना हे ओळखीचे वाटेल.

मग मागायला नागोरलाच का जावे? घरी बसून मागता येत नव्हते काय? येथे इब्न सिनांच्या नावावर असलेले एक छोटेसे पत्र उपयोगी पडते. खुरासानचे थोर सूफी अबू सईद यांच्या प्रश्नाला उत्तर म्हणून ते लिहिले असल्याचे परंपरा मानते, आणि त्याचा विषय जियारत, म्हणजे समाधिदर्शन, आणि तिचा परिणाम कसा घडतो हा आहे. देह सोडलेला पुण्यात्मा अधिक समर्थ झालेला असतो. दर्शनाला येणाऱ्यांची चित्ते त्या स्थळी एकाग्र व निर्मळ होतात. आणि अशा वेळी वरून येणारा प्रसाद ग्रहण करण्याची त्यांची पात्रता वाढते, असा एकंदर विचार. राझींनी आयुष्याच्या अखेरीस लिहिलेल्या ग्रंथात हाच धागा पुढे नेला आणि यात्रेकरूचा आत्मा व समाधिस्थाचा आत्मा यांना समोरासमोर ठेवलेल्या दोन आरशांची उपमा दिली: एकाचा प्रकाश दुसऱ्यात पडावा आणि दोघांचेही कल्याण व्हावे. कबरीपाशी केलेल्या दुआची याहून तात्त्विक उपपत्ती माझ्या वाचनात नाही.

पण हे सर्व एका प्रखर आक्षेपकाला बिलकूल मान्य नव्हते. दमास्कसचे इब्न तैमिया (1263 ते 1328) यांनी कबरींच्या दर्शनासाठी मुद्दाम प्रवास करण्याविरुद्ध इतकी कडक मते मांडली की अखेरचे दिवस त्यांना किल्ल्यातील कैदेत काढावे लागले. त्यांचा युक्तिवाद आपल्या दरबारी संस्कृतीला नेमका झोंबणारा आहे. राजाला चोपदार, मुतालिक, मध्यस्थ लागतात, कारण रयतेचे हाल त्याला आपोआप कळत नाहीत आणि शिफारस झाल्याखेरीज त्याचे मन वळत नाही. ईश्वरालाही असेच मध्यस्थ लागतात असे समजणे म्हणजे त्याला राजाच्या पायरीवर खाली आणणे. ज्या तंजावरात प्रत्येक अर्ज कारभाऱ्यांच्या हातून हुजुरात जात असे, तेथील राजाने अवलियाकडे जाणे या चित्राशी तंतोतंत जुळते, हे मान्य केले पाहिजे. उलट पक्षाचे उत्तर असे की यात्रेकरू मागतो ते ईश्वराकडेच. अवलियाचा तो आधार घेतो, म्हणजे ज्याच्यावर ईश्वराची प्रीती आहे त्याचे स्मरण करून मागतो. म्हणून नागोरला जाणकार मुसलमान प्रथम फातिहा पढतो, तिचे पुण्य शाहुल हमीदांना अर्पण करतो, आणि मग दुआ करतो. हा क्रम प्रत्येक जण पाळतोच असे नाही. डोकी मुंडविणारे, चांदीचे हात-पाय-डोळे वाहणारे, दर्ग्याच्या शिफा कुंडात स्नान करणारे हजारो लोक, ज्यांत हिंदूच कितीतरी, हा बारकावा मनात धरून येत नाहीत.

नवसाबाबत तर कायद्याने एक गमतीची भूमिका घेतली आहे. नजर, म्हणजे नवस, बोलला असेल तर फेडलाच पाहिजे. नवस फेडणाऱ्यांची कुराणात प्रशंसा आहे. पण नवस बोलूच नये असेही वचन आहे, आणि त्याचे कारण मोठे मिस्कील: नवसाने दैवात काडीचा फरक पडत नाही, त्याने फक्त कंजुषाच्या हातून चार पैसे सुटतात. या हिशेबाने प्रतापसिंहांचा मनोरा नवस म्हणून गौण, आणि फेड म्हणून प्रशंसनीय. अर्थात कंजुषाची गोष्ट त्यांना लागू नाही. मराठा राज्याची तिजोरी कर्नाटकच्या नबाबाच्या खंडणीने ओढाताणीत असताना 131 फूट चिरेबंदी बांधकाम करणारा मनुष्य कंजूष नसतो, फार तर उधळा असेल.

स्वतः शाहुल हमीद कोण होते हेही पाहिले पाहिजे. उत्तर हिंदुस्थानातील माणिकपूरचा त्यांचा जन्म, कादिरी परंपरेशी त्यांचे नाते, आणि गुरू ग्वाल्हेरचे मुहम्मद गौस. तानसेनाच्या गोष्टींमुळे गौसांचे नाव आपल्याकडे परिचित आहे, परंतु त्यांचे खरे कार्य 'जवाहिर-ए-खम्सा' या ग्रंथात आहे. आणि तो ग्रंथ मुख्यतः उपासना, ईश्वराची नावे आणि दुआ यांच्या साधनेविषयीच आहे. म्हणजे नागोरचा अवलिया ज्या मठातून निघाला तेथे दुआ ही निव्वळ विनवणी नव्हती. संख्या, वेळ, पथ्य यांनी बांधलेली ती एक विद्या होती. मक्केची यात्रा करून ते दक्षिणेस आले, तंजावरच्या अच्युतप्प नायकाचा आजार त्यांनी बरा केला, आणि नायकाने त्यांना नागोरची जमीन दिली, असे चरित्रकथा सांगते. महालात लपविलेल्या एका कबुतराच्या अंगात सुया टोचलेल्या होत्या, त्या काढताच राजाची वेदना थांबली, हा त्या कथेतला प्रसंग. 1570 मध्ये त्यांचे देहावसान झाले, आणि त्या तिथीस दरवर्षी चौदा दिवसांचा कंदुरी उत्सव होतो; पाचही मनोऱ्यांवर निशाणे चढतात, नागपट्टणहून चंदनाची मिरवणूक येते.

सूफींनी दुआचा विचार मात्र गौसांच्या साधनपद्धतीच्याही पलीकडे नेला होता. बसऱ्याची राबिया आठव्या शतकातच स्वर्गाच्या लोभाने किंवा नरकाच्या भयाने केलेली उपासना हिणकस ठरवून गेली. निशापूरच्या कुशैरींनी अकराव्या शतकात उघड वाद मांडला: मागणे श्रेष्ठ की मौन श्रेष्ठ? जो संतुष्ट आहे तो मागेल कशाला. आणि जो मागत नाही तो आपले दासपण विसरला तर नाही? पण या वादाचा सर्वांत सखोल निवाडा इब्न अरबी (1165 ते 1240) यांच्या 'फुसूस अल्-हिकम' मधील शीस पैगंबरावरील प्रकरणात आहे. मागणाऱ्यांचे त्यांनी प्रकार पाडले. एक जण स्वभावाच्या घाईने मागतो. दुसरा सावधगिरीने मागतो, कारण काही देणग्या मागितल्याशिवाय मिळणारच नाहीत असे ईश्वराच्या ज्ञानात असू शकते, आणि आपली कोणती हे त्याला ठाऊक नसते. तिसऱ्याला वस्तूची उत्कंठाच नसते; मागा अशी आज्ञा आहे, म्हणून तो मागतो, आणि मिळाले काय न मिळाले काय, आज्ञापालनात त्याचे काम पुरे होते.

या ग्रंथावर भाष्य करणारा एक पंडित आपल्या माहीमचा होता, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. मखदूम अली माहिमी (1372 ते 1431), ज्यांच्या दर्ग्याचा मुंबईतील उरूस सर्वांना माहीत आणि ज्यांचे ग्रंथ जवळजवळ कोणालाच माहीत नाहीत, हे कोकणी शाफई मुसलमान इब्न अरबींचे अनुयायी होते. त्यांच्या कुराणभाष्यात तर प्रत्येक सूरेच्या आरंभीच्या बिस्मिल्लाचा अर्थ त्या सूरेच्या विषयाप्रमाणे निराळा लावलेला आहे. एकच वाक्य शंभराहून अधिक वेळा आणि दर वेळी नवे. ज्याला पुनरुक्तीतही नवा अर्थ दिसतो त्याला रोजच्या त्याच त्या फातिहेचा कंटाळा येण्याचे कारण नाही.

इब्न अरबींच्या मागणाऱ्यांच्या वर्गीकरणात प्रतापसिंह राजांना कोठे बसवावे? पहिल्या वर्गात, असे चटकन वाटते. गादीला वारस हवा ही घाई राजाइतकी कोणाला असणार? तरी मी त्यांना दुसऱ्या वर्गात ठेवीन. कुलदेवता होत्या, बृहदीश्वर होता, ब्राह्मणांची अनुष्ठाने होती. असे असता जो नागोरलाही जातो तो काहीच वगळू इच्छीत नाही. कोणते दार उघडेल हे ठाऊक नसलेल्या माणसाची ही सावधगिरी आहे, आणि इब्न अरबींनी तिला कमी लेखलेले नाही.

दुआच्या या सर्व उपपत्तींची कसोटी पाहावयाची तर समुद्र ओलांडावा लागतो. नागोरच्या किनाऱ्यावरील तमिळ मुसलमान व्यापाऱ्यांनी 1828 ते 1830 च्या दरम्यान सिंगापुरात शाहुल हमीदांच्या नावाने एक दर्गा बांधला. शाहुल हमीद तेथे कधी गेले नव्हते आणि त्या दर्ग्यात त्यांची कबर नाही. आहे ते केवळ स्मारक. इब्न सिनांची उपपत्ती येथे लंगडी पडते, कारण तिला समाधीचे सान्निध्य हवे. इब्न तैमियांना कबरीसाठी प्रवास केल्याचा दोष देता येत नाही, कारण कबरच नाही. मध्यस्थाचा आक्षेप तेवढा त्यांच्या हाती राहतो. इब्न अरबींच्या तिसऱ्या मागणाऱ्याला मात्र कशाचीच अडचण पडत नाही, आणि वादळी समुद्र पार करून आलेले लोक तेथे हात पसरीत तेव्हा ते बहुधा त्याच्याइतके निरिच्छ नसले, तरी त्यांच्या दुआला जागा करून देणारा सिद्धान्त तोच एक आहे. बाकीच्या दोघांना सिंगापूर गाठण्यापूर्वी आपापल्या ग्रंथांत दुरुस्ती करावी लागेल.